प्रार्थनेला चाल देणारे वसंत देसाई

'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटातली प्रार्थना आपण सोमवारी म्हणतो. ती लिहिली भरत व्यास यांनी. पण चाल कुणाची, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे पाहतात. चाल आहे वसंत देसाई यांची.

त्यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी कुडाळजवळच्या सोनवडे या खेड्यात झाला. आपलं नागपूर महाराष्ट्राच्या एका टोकाला, अन् हे गाव पार दुसऱ्या टोकाला, कोकणात! तरुणपणी ते कोल्हापूरला प्रभात फिल्म कंपनीत गेले. तिथं पडेल ते काम केलं. लहान भूमिका केल्या, गाणी म्हटली. गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव अशा थोर संगीतकारांच्या हाताखाली शिकले.

पुढे व्ही. शांताराम यांनी मुंबईत 'राजकमल' काढलं, तेव्हा वसंतराव तिथं संगीत दिग्दर्शक झाले. हे काम म्हणजे नुसती चाल लावणं नव्हे, बरं का! सतार कुठं वाजेल, बासरी कुठं, ढोलकी कधी थांबेल, सारं ठरवावं लागतं. 'अमर भूपाळी', 'श्यामची आई', 'झनक झनक पायल बाजे' हे त्यांचेच चित्रपट. 'गूंज उठी शहनाई'मध्ये तर उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई आहे.

नाटकांनाही त्यांनी संगीत दिलं. 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'जय जय गौरीशंकर' ही विद्याधर गोखले यांची नाटकं गाजली. नाटकात गाणं चुकलं तर पुन्हा घेता येत नाही. प्रेक्षक समोरच बसलेले असतात.

पण आम्हाला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते समूहगानाचं. एवढा मोठा संगीतकार, पण शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायला जायचा. हजारो मुलं एका मैदानात, एका सुरात, एका तालात गायची. त्यात गोड गळ्याची किती असतील? थोडीच. बाकी सगळी आपल्यासारखी. आपली प्रार्थनाच पाहा. चित्रपटात ती खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी म्हणतात. ते काही गवई नव्हते. चाल सावकाश चालते, ओळ संपेपर्यंत दम पुरतो. (तरी मागची रांग पुढं पळतेच!)

'गुड्डी' चित्रपटातली शाळेची प्रार्थनाही त्यांचीच. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात विश्वमैत्रीचं संस्कृत गीत गायलं, त्याची चालसुद्धा वसंतरावांची.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते.