विचारलं म्हणून लाज, सांगितलं म्हणून दंड

मैत्रिणींनो, महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहेत. हिंगण्याचा आश्रम, विधवांचं शिक्षण, भारतरत्न, सगळं तोंडपाठ. पण त्यांच्या थोरल्या मुलाचं, म्हणजे र. धों. कर्व्यांचं नाव काढलं की आपण जरा चाचरतो. आमच्या बारामतीच्या महिला मंडळात मी त्यांच्यावर बोलायचं ठरवलं, तर दोघीतिघींनी हळूच विषय बदलायला सुचवलं. म्हटलं, मग लिहूनच टाकू या.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२चा, दापोलीजवळच्या मुरुडचा. नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. पुढे मोठे होऊन त्यांनी जे काम हाती घेतलं, ते पाहिलं की मला राहून राहून त्या न पाहिलेल्या राधाबाईंची आठवण येते. मुलगा हुशार. मॅट्रिकला इलाख्यात पहिला आला, फर्ग्युसनमध्ये शिकला, गणिताचा प्राध्यापक झाला. गणिताच्याच अभ्यासासाठी पॅरिसलाही जाऊन आला. सुखाने नोकरी करावी, घर बांधावं, पेन्शन घ्यावी, असं सगळं जुळून आलेलं होतं.

पण १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपलं केंद्र सुरू केलं होतं. म्हणजे जगात जे नुकतं कुठे सुरू होत होतं, ते आपल्याकडे एक मराठी माणूस त्याच वर्षी करत होता. बाईने किती मुलं जन्माला घालायची हे तिला ठरवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी तिच्या हातात साधन आणि डोक्यात माहिती हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. कॉलेजच्या चालकांना हे उद्योग रुचले नाहीत. नोकरी की काम, असा प्रश्न आला तेव्हा नोकरी गेली. पत्नी मालतीबाई पाठीशी उभ्या राहिल्या. मूल होऊ द्यायचं नाही हेही त्या दोघांनी विचाराने ठरवलेलं होतं.

इंदापूर माझं माहेर. माझ्या आजीला नऊ बाळंतपणं झाली, त्यातली पाच जगली. शेवटच्या दोन खेपांना तिला मूल नको होतं, हे तिने माझ्या आईला सांगितलं ते सुद्धा म्हातारपणी, वाती वळता वळता. विचारायचं कुणाला? नवऱ्याला विचारायची सोय नव्हती, सासूला विचारणं म्हणजे आगाऊपणा, आणि डॉक्टर गावात होता तो तापाच्या पुड्या द्यायला. मुंबईत त्याच सुमारास एक माणूस या प्रश्नाचं उत्तर छापून विकत होता, हे तिच्या कानावर कधी गेलंच नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. र. धों. डॉक्टर नव्हते. मुंबई इलाख्यात डॉक्टरांची नोंदणी करणारा कायदा १९१२ सालीच झाला होता, आणि त्या नोंदवहीत या गणिताच्या मास्तरांचं नाव असायचं कारण नव्हतं. मग यांनी शरीराच्या गोष्टी का सांगाव्यात? प्रश्न रास्त आहे. डॉक्टरची नोंदणी असते ती रोग्याच्या भल्यासाठी. कुणीही उठून सुई टोचू नये, म्हणून असते. आजही बोगस डॉक्टर पकडल्याची बातमी आली की आपल्याला हायसंच वाटतं. पण ज्यांच्याकडे परवाना होता ते बहुतेक या विषयापासून चार हात लांब राहत. तोंड उघडायला तयार झाला तो परवाना नसलेला माणूस. त्यांनी ऑपरेशनं केली नाहीत की भोंदू औषधं दिली नाहीत. युरोपातली शास्त्रीय पुस्तकं वाचली, समजून घेतली आणि साध्या मराठीत सांगितली.

जुलै १९२७मध्ये त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक सुरू केलं आणि मरेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, जवळजवळ एकहाती चालवलं. लेख त्यांचे, मुद्रितं तपासणारे तेच, तोटा सोसणारेही तेच. मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत. जे आईबापाला, मास्तरांना, वैद्याला विचारता येत नाही, ते लोक पत्राने विचारत. कर्वे न रागावता, न चिडवता उत्तर देत. प्रश्न घाणेरडा नसतो, असं त्यांचं धोरण होतं.

याच उत्तरांनी त्यांना कोर्टात खेचलं. १९३१ साली एका लेखावरून त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ सालचा खटला वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून होता, आणि त्यात समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांच्या मनात खरोखर असलेले प्रश्न मासिकात आले तर त्यात अश्लील काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. असले प्रश्न मुळात विकृत, त्यांना उत्तर द्यायचंच कशाला, अशी दुसरी बाजू. बाबासाहेब खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्या काळचे दोनशे रुपये, आणि तेही नोकरी गेलेल्या माणसाला! तो भरून ते पुन्हा पुढच्या अंकाच्या कामाला लागले. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०१८ साली. मध्ये चौऱ्याऐंशी वर्षं गेली.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. गेल्या वर्षी इंदापूरहून बारामतीला येताना एसटीत माझ्या शेजारी एक तृतीयपंथी बसली. दोन तासांत काय काय बोलणं झालं! एक खुलासा आधी करते. तृतीयपंथी असणं आणि समलिंगी असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आपण त्यांची गल्लत करतो. हिचं दुखणं वेगळं होतं. आपलं शरीर बाईचं व्हावं म्हणून ती मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून खात होती, दिवसाला तीन-तीन, चार-चार. कुणी सांगितलं? बरोबरच्यांनी. डॉक्टरांना विचारलं का? एकदा गेली होती म्हणे एका दवाखान्यात. बाहेर बसलेले लोक हसले, आतल्यांनी तपासलंच नाही.

ज्या गोळीचं ज्ञान बायकांपर्यंत पोहोचावं म्हणून लोकांनी आयुष्यं वेचली, ती गोळी ही मुलगी अंधारात चाचपडत खात होती. या गोळ्यांमधल्या हार्मोनमुळे रक्तात गुठळी होऊ शकते, ते जिवावरही बेतू शकतं. हार्मोनचा उपचार असतो, पण तो तपासण्या करून, मात्रा ठरवून, जाणत्या डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायचा. त्यांच्यात निर्वाण म्हणून जी शस्त्रक्रिया परंपरेने होत आली, ती कित्येकदा परवाना नसलेल्या हातांनी, भूल न देता. रक्तस्रावाने, जंतुसंसर्गाने माणसं दगावली आहेत. परवाना असलेल्या माणसाने दार लावून घेतलं की रोगी परवाना नसलेल्याकडे जातो. आणि तिथे भेटणारा दरवेळी कर्व्यांसारखा पुस्तकं वाचलेला नसतो.

कागदावर बरंच बदललंय, बरं का. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपली ओळख सांगण्याचा हक्क मान्य केला. २०१९ साली कायदा झाला, त्यात शस्त्रक्रिया आणि हार्मोन उपचारांची सोय सरकारने करावी, डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार व्हावा, अशा तरतुदी आल्या. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या परिषदांना कळवलं, की अशा माणसांना उपचाराच्या नावाखाली बदलू पाहणं हे डॉक्टरचं गैरवर्तन समजावं. म्हणजे परवान्याला आता जबाबदारीही चिकटली. आपल्या बारामतीत २०१९ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथे शिकणाऱ्या पोरापोरींनी हे सगळं वाचलेलं असावं, एवढी आशा करू या.

र. धों. गेले १४ ऑक्टोबर १९५३ला. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. ज्या कामापायी त्यांची नोकरी गेली, ते काम पुढे गावोगावच्या आरोग्य केंद्रांत नर्सताई करू लागल्या. माझ्या आईने दोन मुलांवर थांबून ऑपरेशन करून घेतलं ते इंदापुरातच, आणि आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

एसटीतल्या त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, की मनाने गोळ्या घेऊ नकोस, पुण्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊन हार्मोनच्या डॉक्टरांना दाखव. एकटीला जायचं नसेल तर मी येते, म्हटलं. तिने माझा नंबर घेतला. तुमच्या घरात कुणी मुलगी डॉक्टर किंवा नर्स होत असेल, तर तिला र. धों. कर्व्यांविषयी जरूर सांगा. आणि दवाखान्यात रांगेत आपल्या पुढे कुणी अशी व्यक्ती उभी असली, तर हसू नका. तिचा नंबर आधी आहे, तिला आत जाऊ द्या.