नर्मदार्पण झालेली स्तुती

निफाड तालुक्यातील विंचूर हे पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीचे गाव. तेथून लासलगाव मागे टाकून उत्तरेस गेले, की होळकरांचे चांदवड लागते. विठ्ठल शिवदेव आणि मल्हारराव होळकर हे दोघेही १७६१ च्या पानिपतातून जिवंत परतले. पण मल्हाररावांच्या दौलतीचे नाव आज घरोघरी आदराने घेतले जाते, ते त्यांच्या तलवारीपेक्षा त्यांच्या सुनेच्या शीलामुळे. चांदवडचा रंगमहाल आणि रेणुकामातेचे मंदिर पाहताना या पंचक्रोशीतील भाविकांस पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे स्मरण होतेच. श्रावण वद्य चतुर्दशी ही त्यांची पुण्यतिथी.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ साली माणकोजी शिंदे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये सासरे गेले, आणि वर्षभरातच एकुलता पुत्र मालेराव मृत्यू पावला. अशा वेळी कारभार हाती घेऊन त्यांनी महेश्वर येथे अठ्ठावीस वर्षे राज्य केले. पहाटे स्नान, पूजा, पुराणश्रवण व दानधर्म, दुपारनंतर दरबारात प्रजेची गाऱ्हाणी, सायंपूजेनंतर पुन्हा रात्री उशिरापर्यंत कागदपत्रे, असा त्यांचा दिनक्रम असे.

काशी विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० साली उभारले, हे सर्वश्रुत आहे. परंतु देवळे बांधणारे राजे पुष्कळ झाले. हाती सत्ता असताना परधनावरून दृष्टी काढून घेणारे विरळा. इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने देवींच्या पश्चात सुमारे पाव शतकाने माळव्यातील लोकांकडून त्यांच्या आठवणी गोळा केल्या. त्यांत इंदूरच्या एका धनाढ्य सावकाराची हकीकत आहे. सावकार निपुत्रिक वारला आणि तेथे तळ देऊन असलेल्या तुकोजी होळकरांच्या मनात त्या संपत्तीचा वाटा घेण्याचे आले. विधवेने महेश्वर गाठले. तुकोजी हे दौलतीचे सेनापती. त्यांना दुखविणे सोपे नव्हते. तरीही देवींनी त्या स्त्रीचा हक्क मान्य केला आणि फौज तेथून हलविण्याची आज्ञा धाडली. खरगोणच्या दोन सावकार बंधूंच्या विधवांनी तर आपण होऊन सारे द्रव्य देवींच्या चरणी ठेवले. त्यांनी ते स्वीकारले नाही. पतींचे नाव राहील अशा लोकोपयोगी कामी खर्चावे, असे सुचविले. दोन्ही प्रसंगी जामदारखाना भरून घेण्यास कोणाची हरकत असणार होती?

विंध्याद्रीतील भिल्ल वाटसरूंस लुटीत. देवींनी प्रथम कठोर उपाय योजले; मग त्यांना पडीत जमिनी दिल्या, प्रवाशांकडून घेण्याचा अल्पसा कर ठरवून दिला आणि वाटेच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्याच शिरावर टाकली.

घरी मात्र दैवाने त्यांना सोडले नाही. तरुण नातू गेला, पाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले, आणि कन्या मुक्ताबाई सती निघाली. आईने परोपरीने विनविले. कन्येने ऐकले नाही. स्वतः सासऱ्यांच्या आग्रहास्तव सती जाण्यापासून परावृत्त झालेल्या या मातेला लेकीची चिता पाहावी लागली. माल्कमने हा प्रसंग लिहिला आहे; तो वाचवत नाही.

एका ब्राह्मणाने देवींच्या स्तुतीपर ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे अखेरपर्यंत ऐकून घेतला, आपण अशा स्तुतीस पात्र नसल्याचे सांगितले, आणि पोथी नर्मदेत सोडून देण्यास फर्माविले. ग्रंथकर्त्याची पुढे विचारपूसही झाली नाही. बिचाऱ्याची कीव येते खरी; पण दान मागावयास आलेला याचक म्हणून तो आला असता, तर त्या दारातून रिक्त हस्ताने परतला नसता.

शके १७१७, म्हणजे १३ ऑगस्ट १७९५ रोजी, महेश्वरी अहिल्यादेवींनी देह ठेवला. वयाची सत्तर वर्षे झाली होती. श्रावणातील व्रते संपत आली होती आणि पिठोरी अमावास्या तोंडावर होती.