गोमाशीचा परीक्षक : योहान फाब्रिशियस

पावसाळ्यात आपल्या तिगावच्या शिवारात चरणारा बैल एकाएकी शेपटी आपटू लागतो, कातडी थरथरवतो. पाहावे तर पाठीवर गोमाशी बसलेली असते. अशा गोमाश्या बहुतेक सर्व खंडांत आहेत. त्यांची शास्त्रीय ओळख पटवून देणाऱ्या विद्वानांत योहान ख्रिस्तियान फाब्रिशियस यांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म ७ जानेवारी १७४५ रोजी डेन्मार्कमधील टोनर गावी, एका वैद्याच्या घरी झाला. १७६२ साली ते स्वीडनमधील उप्साला येथे थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांच्याकडे शिकावयास गेले. युरोपातील मोठ्या गोमाशीला गुरांची या अर्थाचे शास्त्रीय नाव गुरूंनी १७५८ मध्येच दिले होते. गुरू कीटकांची विभागणी मुख्यतः पंखांवरून करीत. शिष्याने गुरूंविषयीचा आदर राखूनही निराळी वाट धरली. कीटकाचे जीवन त्याच्या आहारावर चालते, म्हणून त्याचे मुख तपासावे, असे त्यांचे मत होते. हे तत्त्व त्यांनी १७७५ च्या ग्रंथात मांडले.

पुढे ते कील येथे प्राध्यापक झाले. दूरच्या खंडांत ते कधी गेले नाहीत. परंतु लंडनला जाऊन, दर्यावर्दी प्रवाशांनी आणलेले कीटक ते तासन् तास भिंगाखाली न्याहाळीत. सुमारे दहा हजार जातींना त्यांनी नावे दिली. अमेरिकेतील काळी गोमाशी आणि आशियातील पट्टेदार गोमाशी ही नावे त्यांचीच.

आता या तिघींची लांबी पाहा. युरोपातील गोमाशी २ ते २.४ सेंटिमीटर, अमेरिकेतील काळी २.८ पर्यंत, आणि आपल्या आशियातील पट्टेदार जेमतेम दीड! मग आपली माशी क्षुद्र म्हणावी काय? मुळीच नाही. मादीच्या मुखात सुरीसारखी पाती असतात. त्यांना लागलेले रक्त एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाते, आणि घोडे व उंट यांना सर्रा हा जीवघेणा रोग जडतो. त्या रोगाचे रक्तातील सूक्ष्म जंतू ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली पंजाबात शोधून काढले.

ते पाहावयास फाब्रिशियस नव्हते; ३ मार्च १८०८ रोजी कील येथे त्यांचे देहावसान झाले होते. परंतु आकाराने भुलू नका, मुख तपासा, ही त्यांची शिकवण गोठ्यातल्या इवल्याशा माशीनेही खरी करून दाखविली.