मा बार्कर : दंतकथेतील टोळीप्रमुख आणि वास्तवातील आई

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ओक्लावाहा या छोट्या गावी, सरोवराच्या काठावरील एका दुमजली घराला १६ जानेवारी १९३५ रोजी पहाटे संघीय अन्वेषण विभागाच्या अधिकाऱ्यांनी वेढा घातला. कित्येक तास चाललेल्या गोळीबारानंतर घरात दोन मृतदेह आढळले. एक होता फ्रेड बार्कर या फरारी दरोडेखोराचा, तर दुसरा त्याच्या ६१ वर्षांच्या आईचा. मा बार्कर या नावाने ती पुढे जगभर ओळखली गेली.

तिचे मूळ नाव ॲरिझोना क्लार्क. मिसुरी राज्यातील ॲश ग्रोव्ह येथे १८७३ मध्ये तिचा जन्म झाला. १८९२ मध्ये जॉर्ज बार्कर याच्याशी तिचा विवाह झाला. हर्मन, लॉइड, आर्थर आणि फ्रेड ही तिची चार मुले. घरात दारिद्र्य होते आणि मुले लहान वयातच चोऱ्यामाऱ्यांकडे वळली. त्यांना पकडले गेले की आई पोलिसांकडे रदबदली करीत असे. मुलांचा दोष तिने कधी मान्य केला नाही. अखेरीस पतीही तिच्यापासून दुरावला.

१९२२ मध्ये टपाल लुटल्याच्या गुन्ह्यात लॉइडला दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. टल्सा येथील एका पहारेकऱ्याच्या हत्येबद्दल आर्थरला जन्मठेप झाली. १९२७ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत जखमी झालेल्या हर्मनने स्वतःवर गोळी झाडून घेतली. फ्रेड कॅन्ससच्या तुरुंगात होता. तेथेच त्याची ॲल्विन कार्पिस याच्याशी गाठ पडली आणि १९३१ मध्ये सुटका झाल्यावर दोघांनी टोळी उभारली. पुढच्याच वर्षी पॅरोलवर सुटलेला आर्थरही तिच्यात सामील झाला.

महामंदीच्या त्या काळात या टोळीने बँका लुटल्या, पोलिसांचे बळी घेतले. मिनेसोटातील सेंट पॉल शहरात जून १९३३ मध्ये मद्यउत्पादक विल्यम हॅम यांचे अपहरण करून टोळीने एक लाख डॉलर्स, तर जानेवारी १९३४ मध्ये बँकर एडवर्ड ब्रेमर यांचे अपहरण करून दोन लाख डॉलर्स खंडणी उकळली. या अपहरणांमुळे संघीय यंत्रणेने टोळीचा पाठलाग सुरू केला. जानेवारी १९३५ मध्ये आर्थरला शिकागोत अटक झाली. त्याच्या निवासस्थानी सापडलेल्या नकाशामुळे फ्लोरिडातील घराचा माग लागला.

एका वृद्ध स्त्रीचा गोळीबारात अंत झाल्यानंतर विभागाचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी तिचे वर्णन टोळीची खरी सूत्रधार, अत्यंत क्रूर व धोकादायक स्त्री असे केले. वृत्तपत्रांनी ही प्रतिमा उचलून धरली. प्रत्यक्षात तिच्यावर एकाही गुन्ह्याचा खटला कधी चालला नव्हता. मुले काय करतात हे तिला ठाऊक होते, त्यांच्या पैशावर ती राहत होती आणि त्यांच्यासोबत लपतछपत फिरत होती, हे खरे. मात्र बेत आखताना तिला दूर ठेवले जाई आणि दरोड्याची योजना करणे तिच्या कुवतीबाहेरचे होते, असे कार्पिस याने १९७१ मधील आपल्या आत्मकथनात नमूद केले. अनेक अभ्यासकांनीही पुढे हेच मत ग्राह्य मानले.

तोवर दंतकथेने पडदा गाठला होता. १९६७ च्या 'बॉनी अँड क्लाइड' या चित्रपटाच्या यशानंतर, प्रस्थापितांविरुद्ध बंड करणाऱ्या तरुण प्रेक्षकांसाठी गुन्हेगारांवरील चित्रपटांची लाट आली. त्याच लाटेत १९७० मध्ये रॉजर कॉर्मन यांचा 'ब्लडी मामा' प्रदर्शित झाला. शेली विंटर्स यांनी साकारलेली मा हिंस्र, कामुक आणि बेभान होती. त्या वेळी फारसे परिचित नसलेले रॉबर्ट डी नीरो लॉइडच्या भूमिकेत होते. चित्रपटातील लॉइड अमली पदार्थांच्या अतिसेवनाने आईच्या आधी मरतो. खरा लॉइड मात्र चकमकीच्या वेळी तुरुंगात होता आणि १९४९ पर्यंत जगला. आज हा चित्रपट पाहताना तीसच्या दशकापेक्षा सत्तरच्या दशकाचीच छाप अधिक जाणवते. पुढे १९७७ मध्ये बोनी एम या गायकवृंदाच्या 'मा बेकर' या गीताने तिची कथा भारतासह जगभर पोहोचवली.

मायलेकांचे मृतदेह १ ऑक्टोबर १९३५ पर्यंत दफनाविना पडून होते. अखेर ओक्लाहोमातील वेल्च येथे, हर्मनच्या कबरीशेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली. आर्थर १९३९ मध्ये अल्काट्राझ तुरुंगातून पळण्याच्या प्रयत्नात मारला गेला. मुलांच्या अपराधांकडे डोळेझाक करणारी आई, हा मा बार्करचा दोष निर्विवाद होता. टोळीची सूत्रधार असल्याचा आरोप मात्र न्यायालयात कधीच सिद्ध करावा लागला नाही, कारण तो झाला तेव्हा उत्तर देण्यास ती हयात नव्हती.