विश्लेषण : नक्कल करून अस्सल चित्रकार घडतो? एदुआर माने यांची शिकवणी काय सांगते?

आधुनिक चित्रकलेच्या जनकांपैकी एक मानले जाणारे फ्रेंच चित्रकार एदुआर माने (१८३२-१८८३) तैलरंग शिकले, ते बऱ्याच अंशी इतरांची चित्रे उतरवून. ज्यांच्या नवेपणावर पॅरिस खवळले, त्यांचा पाया अनुकृतींचा कसा?

नौदलाऐवजी कुंचला का?

माने यांचे वडील न्याय खात्यात वरच्या पदावर होते. मुलाने कायदा शिकावा, ही त्यांची इच्छा. मुलाला चित्रकार व्हायचे होते. मधला मार्ग म्हणून नौदल ठरले. प्रवेश परीक्षेत नापास झाल्यावर माने डिसेंबर १८४८ मध्ये शिकाऊ म्हणून जहाजाने रिओ द जानेरोला गेले. परतल्यावर १८४९ मध्ये ते पुन्हा नापास झाले आणि घरच्यांचा विरोध मावळला. १८५० मध्ये ते तोमा कुत्यूर यांच्या चित्रशाळेत दाखल झाले. तिथे ते सहा वर्षे होते. लूव्र संग्रहालयात चित्रे उतरवण्यासाठीही त्यांनी नाव नोंदवले.

देलाक्रुआंचेच चित्र का?

हयात चित्रकारांची चित्रे तेव्हा लक्झेंबर्ग संग्रहालयात असत. तिथे युजीन देलाक्रुआ यांचे १८२२ मधले ‘दान्तेची नौका’ होते. खवळलेले पाणी, नावेत दान्ते आणि व्हर्जिल, कडेला लटकणारे पापी जीव असे हे रोमँटिक शैलीतले समूहचित्र. त्याची अनुकृती करण्याची परवानगी मागायला माने मित्रासह थेट देलाक्रुआंकडे गेले. परवानगी मिळाली. स्वतः देलाक्रुआही रुबेन्सची चित्रे उतरवतच शिकले होते.

अनुकृतीतून काय मिळाले?

मूळ चित्र सुमारे अडीच मीटर रुंद. माने यांच्या दोन्ही अनुकृती अर्ध्या मीटरहूनही लहान. एक बरीचशी मुळाबरहुकूम आहे, ती आज लिऑनमध्ये आहे. न्यूयॉर्कमधली दुसरी मात्र मोकळ्या, जाड फटकाऱ्यांची. तपशील गळले, उरले ते रंगांचे आणि उजेड-सावलीचे गणित. पाहून उतरवताना काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे शिष्यालाच ठरवावे लागते. ती निवड म्हणजेच शैलीची सुरुवात.

पुढे लूव्रमधले ‘छोटे घोडेस्वार’ हे समूहचित्रही त्यांनी उतरवले. ते तेव्हा वेलाझ्केझचे समजले जाई, आज तसे मानत नाहीत. त्यातली माणसांची मांडणी १८६२ च्या ‘तुइलरी उद्यानातील संगीत’मध्ये डोकावते. फरक इतकाच, की इथे माणसे माने यांच्याच काळातली, ओळखीची होती.

मग वाद कशावरून?

१८५९ मध्ये ‘अब्सिंथ पिणारा’ हे त्यांचे चित्र सरकारी प्रदर्शनाने नाकारले. परीक्षकांपैकी देलाक्रुआंनी बाजूने कौल दिल्याचे सांगितले जाते. १८६३ मध्ये ‘हिरवळीवरील भोजन’ आणि १८६५ मध्ये ‘ऑलिम्पिया’ यांवर टीकेची झोड उठली. गंमत अशी, की पहिल्याची मांडणी राफाएलच्या रचनेवरून, तर दुसऱ्याची तिशियनच्या व्हीनसवरून घेतलेली होती. त्या व्हीनसचीही अनुकृती माने यांनी इटलीत केली होती. साचा जुनाच होता. त्यात बसवलेली आजची, थेट नजर रोखणारी माणसे लोकांना सोसली नाहीत.

वर्तुळ कसे पूर्ण झाले?

माने १८८३ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी गेले. त्यानंतर क्लोद मोने यांनी वर्गणी जमवून ‘ऑलिम्पिया’ विकत घेतले आणि सरकारला भेट दिले. १८९० मध्ये ते लक्झेंबर्ग संग्रहालयात लागले. तरुण माने जिथे कॅनव्हास मांडून देलाक्रुआंचे चित्र उतरवत बसत, तेच हे संग्रहालय.