सूत्रकार पाणिनी

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी गांधार देशातील शलातुर या गावी पाणिनी होऊन गेला. सिंधू नदीजवळचे हे स्थान आज पाकिस्तानात आहे. त्याच्या मातेचे नाव दाक्षी. बालपणी तो मंदबुद्धी होता व पुढे शंकराच्या प्रसादाने त्यास व्याकरणविद्या लाभली, अशी आख्यायिका आहे.

भाषेचे शुद्ध रूप जपावयाचे, तर एकेक शब्द पाठ करून भागण्यासारखे नव्हते. बृहस्पतीने इंद्रास सहस्र दिव्य वर्षे शब्द सांगितले, तरी त्यांचा अंत लागला नाही, अशी कथा पतंजलीने दिली आहे. पाणिनीने शब्द मोजले नाहीत. त्यांच्या घडणीतील सारखेपणा शोधला. वर्णांच्या गटांना त्याने लहानशा संज्ञा योजिल्या. ‘अच्’ म्हटले की सर्व स्वर आले. इकारापुढे स्वर आला की त्याचा य् होतो, या नियमाने ‘प्रति’ व ‘एक’ मिळून ‘प्रत्येक’, ‘अति’ व ‘अंत’ मिळून ‘अत्यंत’ असे असंख्य शब्द सिद्ध होतात.

परंतु नियम सैल राहिला, तर नको ते शब्दही त्यात सापडतात. ‘कवि’ व ‘ईश्वर’ मिळून ‘कवीश्वर’ होते; तेथे य् येत नाही. म्हणून सजातीय स्वरांसाठी त्याने निराळा नियम घालून दिला. अशी सुमारे 4000 सूत्रे ‘अष्टाध्यायी’च्या 8 अध्यायांत आहेत.

1951 साली अमेरिकन गणिती स्टीफन क्लीनी याने चिन्हमालिकांचे आकृतिबंध थोडक्या खुणांनी लिहिण्याची रीत मांडली. संगणक आज तिच्या आधारे मजकुरातील शब्द हुडकतो. अपार शब्दराशी मोजक्या नियमांत बांधण्याचा हाच ध्यास पाणिनीने किती आधी घेतला होता!