गिटार वाजवता न येणाऱ्या रेडिओ मेकॅनिकने जगभरातल्या गिटारचा आवाज घडवला

गणपतीत घरी कळंबला गेले होते. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून दर्शन घेतलं आणि परत येताना शाळेतल्या एका मित्राकडे डोकावले. हा पठ्ठ्या कॉलेजात असताना नागपूरला गिटार शिकला आणि पुढे मुंबईतून कुणाचातरी जुना अमेरिकन ॲम्प्लिफायर सेकंडहँड घेऊन आला. ट्यूबवाला. त्या दिवशी संध्याकाळी मंडळात वाजवायचं होतं आणि ॲम्प गरम तेलात मोहरी पडल्यासारखा तडतडत होता.

गावातल्या एका जुन्या टीव्ही मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी मागची फळी काढली आणि आत बघून हसले. आत रांगेने काचेच्या ट्यूब लटकलेल्या, आणि खोक्याच्या आतल्या बाजूला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला. कुठल्या खाचेत कुठल्या नंबरची ट्यूब, हे त्या कागदावर छापलेलं होतं. काकांनी ॲम्प चालू ठेवून पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेका ट्यूबला हलकेच टिचकी मारली. उजवीकडून दुसऱ्या ट्यूबला टिचकी मारताच स्पीकरमधून ताटलीवर चमचा पडल्यासारखा आवाज आला. आजारी ट्यूब सापडली.

नवी ट्यूब कळंबला कुठून मिळणार? काकांनी पुन्हा कागद वाचला. त्या ॲम्पला दोन चॅनल होते, मित्र वाजवायचा दुसऱ्यावर, आणि पहिल्या चॅनलची त्याच नंबरची ट्यूब नुसती बसून होती. ॲम्प बंद करून थंड होऊ दिला, तिला उचलून दुसरीच्या जागी बसवलं. तडतड बंद!

आता तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? तर तो कागद. गिटारच्या ॲम्पमध्ये असे कागद चिकटवायची सवय ज्याच्यामुळे पक्की झाली, त्या माणसाची ही गोष्ट आहे. त्याचं नाव लिओ फेंडर.

फेंडर हे नाव गिटारवर तुम्ही नक्की पाहिलं असेल. पण हा माणूस गिटारवादक नव्हता. त्याला गिटार सुरात लावताही येत नव्हती.

क्लॅरन्स लिओनिडास फेंडरचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. कॅलिफोर्नियात ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मध्ये त्याच्या आईवडिलांची संत्र्याची बाग होती. (नागपूर जवळ असणाऱ्यांना हे वाचून बरं वाटेल.) आठ वर्षांचा असताना ट्यूमरमुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला आणि काचेचा डोळा बसवला. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच डोळ्यामुळे त्याला लष्करात जावं लागलं नाही.

त्याच्या एका मामाचं गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. लिओ तेरा-चौदा वर्षांचा असताना मामाने त्याला जुन्या पार्ट्सचा एक खोका पाठवला. नंतर तो मामाच्या दुकानात गेला, तर तिथे मामाने स्वतः जोडलेला एक रेडिओ कर्ण्यातून दणदणीत वाजत होता. पोरगं त्यातच अडकलं. शाळेत असतानाच तो घरी रेडिओ दुरुस्त करायला लागला.

शिक्षण मात्र त्याने अकाउंटिंगचं घेतलं. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही कोर्स त्याने केला नाही. नोकरीही हिशेबनीसाचीच. आधी एका बर्फाच्या कंपनीत, मग कॅलिफोर्नियाच्या हायवे खात्यात, मग एका टायर कंपनीत. पण तो काळ महामंदीचा. नोकऱ्या एकामागून एक गेल्या. १९३८ मध्ये त्याने ६०० डॉलर उसने घेतले आणि बायको एस्थरसोबत फुलर्टनला परतून दुकान टाकलं. नाव, फेंडर रेडिओ सर्व्हिस.

या दुकानात काय चालायचं? रेडिओ दुरुस्ती, रेकॉर्डची विक्री आणि सभा-नाचाच्या कार्यक्रमांना लाउडस्पीकर भाड्याने देणं. जवळपास त्याच काळात आपल्याकडे मुंबईत नानिक मोटवाने यांची शिकागो रेडिओ ही कंपनी काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर लावत होती. गांधीजींच्या, नेहरूंच्या जुन्या फोटोंत माइकवर हे नाव दिसतं. मोठ्या जमावापर्यंत एका माणसाचा आवाज पोचवायचा, तर दोन्हीकडे मार्ग एकच होता: व्हॉल्व्ह.

ट्यूब म्हणजे हाच व्हॉल्व्ह. आजोबांच्या पिढीतला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवतो ना? बटण फिरवल्यावर आवाज यायला थोडा वेळ लागायचा, कारण ट्यूब तापावी लागते. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत बल्बसारखी एक तार तापते आणि तिच्याभोवतीची कॅथोड नावाची नळी गरम करते. त्या नळीवर एका रसायनाचा लेप असतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात, कारण प्लेटवर काहीशे व्होल्टचा दाब असतो. मधे एक जाळी असते. गिटारमधून आलेला बारीकसा सिग्नल या जाळीवर दिला की धावणाऱ्या इलेक्ट्रॉनचा मोठा लोंढा त्या तालावर कमी-जास्त होतो. धरणाचं दार एका हाताने थोडं हलवावं आणि खाली कालव्यात पाण्याची उसळी यावी, तसं.

पण तो लेप हळूहळू संपतो. तारा सैल होतात. मग आवाज मरगळतो, घुमतो, तडतडतो किंवा ट्यूबच माइकसारखी वागायला लागते आणि टिचकी मारली की स्पीकरमध्ये वाजते. थोडक्यात, ट्यूब ही झिजणारीच वस्तू. टायरसारखी.

दुकानात बसून वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे बिघडलेले रेडिओ उघडणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या काळच्या रेडिओंच्या आतही ट्यूबचा नकाशा छापलेला कागद असायचाच. लिओकडे वादक त्यांचे ॲम्प घेऊन यायचे. गाडीच्या डिकीत आदळलेले, रोज रात्री वाजवून दमलेले. कुठला जोड आधी तुटतो, कुठला भाग काढायला तासभर लागतो, हे त्याच्या बोटांना माहीत झालं.

याच दुकानात डॉक कॉफमन नावाचा वादक आणि कारागीर त्याच्या ओळखीचा झाला. दोघांनी मिळून के अँड एफ या नावाने मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटार आणि त्यांचे छोटे ॲम्प बनवायला सुरुवात केली. १९४६ च्या सुरुवातीला डॉकला कर्जाची भीती वाटली आणि तो बाहेर पडला. लिओने त्याच वर्षी स्वतःच्या नावाची कंपनी काढली.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. १९५१ मध्ये टेलिकास्टर हे नाव मिळालेली सपाट लाकडाची गिटार, त्याच वर्षी प्रिसिजन बास, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. यावर हजारो लेख आहेत, म्हणून मी इथे थांबत नाही. मला त्याचे ॲम्प जास्त सांगावेसे वाटतात, कारण माणूस तिथे जास्त दिसतो.

लिओने सर्किट फारशी नव्याने शोधली नाहीत. ट्यूब बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत नमुन्याची सर्किट छापलेली असायची, त्यातूनच त्याने सुरुवात केली. त्याचं डोकं चाललं ते मांडणीत. धातूची पेटी खोक्याच्या वरच्या बाजूला, तिच्यातून ट्यूब खाली लटकलेल्या. मागच्या फळीचे स्क्रू काढले की सगळ्या ट्यूब हाताशी. सुटे भाग एका पट्टीवर ओळीने, जाड हातालाही बदलता येतील असे. आणि आत चिकटवलेला तो कागद. आता ट्यूब खाली लटकल्या की त्यांची उष्णता वर पेटीतच जाते, हा दोष आहे. तो लिओला कळला नसेल असं मला वाटत नाही. त्याने दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून तो पत्करला असावा.

कारखान्यात ही जोडणी हाताने व्हायची आणि ती करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. कित्येक जुन्या फेंडर ॲम्पमध्ये चिकटपट्टीच्या तुकड्यावर जोडणारीचं नाव लिहिलेलं आजही सापडतं.

लिओला आवाज स्वच्छ हवा असायचा. ट्यूबवर ताण आला की आवाज फाटतो आणि हे फाटणं त्याच्या लेखी बिघाड होता. पण वादक ऐकतात होय! १९५९ च्या आसपासचा त्याचा बासमन ॲम्प खरं तर बास गिटारसाठी होता. गिटारवाल्यांनी तो पळवला, बटण टोकापर्यंत फिरवलं आणि त्या फाटक्या आवाजाच्या प्रेमात पडले. १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शलच्या दुकानातल्या लोकांनी याच बासमनवरून पहिला मार्शल ॲम्प बनवला. म्हणजे पुढचा सगळा ब्रिटिश रॉक ज्या आवाजावर उभा राहिला, त्याच्या मुळाशी लिओला नको असलेला आवाज आहे.

डिक डेल नावाचा सर्फ गिटारवादक तर त्याचे ॲम्प जाळायचाच. इतक्या जोरात वाजवायचा की स्पीकर फाटायचे. लिओ आणि त्याचा सहकारी फ्रेडी टावारेस शेवटी त्याच्या कार्यक्रमाला गेले, गर्दीत उभं राहून ऐकलं आणि मग त्याच्यासाठी शोमन हा जास्त ताकदीचा ॲम्प तयार केला. दुसरा एखादा मालक असता तर त्याने वॉरंटी नाकारली असती.

आणि मग १९६५ आलं.

लिओ बरीच वर्षं एका संसर्गाने आजारी होता. औषधं लागू पडत नव्हती. आपण फार दिवस काढत नाही, अशी त्याची खात्री झाली. दुसऱ्यांची यंत्रं पुन्हा उभी करणाऱ्या या माणसाने स्वतःबद्दल आशा सोडली आणि कंपनी विकायला काढली. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने ती १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. आदल्याच वर्षी सीबीएसने न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा मोठा हिस्सा घेतला होता, त्याला मोजलेल्या पैशांहून ही रक्कम जास्त होती.

त्यानंतर लिओने डॉक्टर बदलला. नव्या उपचारांनी तो चक्क बरा झाला!

पण सौद्यात अट होती की दहा वर्षं त्याने स्पर्धेत उतरायचं नाही. काही वर्षं तो सीबीएसचा सल्लागार राहिला. त्याच काळात, १९६६ मध्ये, सीबीएसने ट्रान्झिस्टरचे फेंडर ॲम्प बाजारात आणले. तापणं नाही, झिजणं नाही, ट्यूब बदलायची कटकट नाही, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात खराब जोडणीमुळे ते बंद पडायचे, वादकांना आवाजही आवडला नाही आणि काही वर्षांत ही मालिका गुंडाळावी लागली. ट्यूबवाले फेंडर मात्र चालूच राहिले.

अट संपल्यावर १९७५ मध्ये लिओ म्युझिक मॅन कंपनीचा अध्यक्ष झाला. तिथल्या ॲम्पमध्ये पुढचा भाग ट्रान्झिस्टरचा आणि शेवटचा ताकदीचा भाग ट्यूबचा होता. १९७९ मध्ये एस्थर गेली. पुढच्या वर्षी त्याने फिलिसशी लग्न केलं आणि त्याच सुमारास जुना सहकारी जॉर्ज फुलर्टनसोबत जी अँड एल ही कंपनी उभी केली. पार्किन्सनने हात थरथरायला लागले तरी तो रोज कामावर जायचा.

आता त्याच्या किंवा त्या धाटणीच्या ॲम्पमध्ये ट्यूब बदलायची वेळ आली तर? मागून बघितलं की बहुतेक जुन्या फेंडरमध्ये उजवीकडे लहान ट्यूब असतात, डावीकडे मोठ्या. लहान, म्हणजे बहुधा १२एएक्स७, वर्षानुवर्षं टिकतात आणि काढून थेट नवी बसवता येते. मोठ्या, म्हणजे ६एल६ किंवा ६व्ही६, लवकर दमतात. त्या जुळवलेल्या जोडीनेच बदलायच्या आणि नंतर जाणकाराकडून बायस तपासून घ्यायचा. मोठ्या ट्यूबची प्लेट लालबुंद दिसली तर लगेच स्विच बंद करा. फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त क्षमतेचा फ्यूज टाकून जुगाड करू नका, त्याने ट्रान्सफॉर्मर जळतो. धातूची पेटी स्वतः उघडूच नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० च्या वर व्होल्ट साठलेले असू शकतात, आणि तेवढ्याने माणूस मरतो. शिवाय ॲम्प अमेरिकेतला असेल तर तो ११० ते १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर लावायचा तर मधे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

ट्यूब मिळतात कुठे? अमेरिकेतले मोठे कारखाने कधीच बंद झाले. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या जुन्या ट्यूब अजून कुठेकुठे सापडतात. नव्या येतात रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून, आणि त्यांना आजही मुख्य गिऱ्हाईक गिटारवाल्यांचंच आहे.

लिओ फेंडर २१ मार्च १९९१ ला फुलर्टनमध्ये वारला. आदल्या दिवशीपर्यंत तो जी अँड एलमधल्या त्याच्या कामाच्या टेबलावर होता. पुढच्या वर्षी त्याचं नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं.

इकडे कळंबला मित्राची नवी ट्यूब मुंबईहून कुरिअरने दहा दिवसांनी आली. काकांनी ती बसवली, खिशातली तीच पेन्सिल काढली आणि त्या पिवळ्या कागदावर दुसऱ्या खाचेसमोर तारीख लिहून ठेवली.